टेंडर पहिल्या लिफाफ्यातच बाद केलं, तेही चुकीची बेरीज करून. दाद कुठे मागायची?

विटेवर_उभा | शुक्रवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि भटकंती वाचायला येतो. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, तोही डोकं तापलेलं असताना. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमची छोटी बांधकाम फर्म आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी वसतिगृहाची इमारत निघाली. किंमत ६ कोटी ४० लाख, मुदत १८ महिने, बी-१ टेंडर (सरकारी अंदाजापेक्षा किती टक्के कमी-जास्त, तेवढं भरायचं), दोन लिफाफे (पहिल्यात पात्रतेचे कागद, दुसऱ्यात दर), सगळं ऑनलाइन. सात जणांनी भरलं. आज संध्याकाळी पावणेसहाला पोर्टलवर आमच्या नावापुढे 'रिजेक्टेड - टेक्निकल' आलं. कारण तीन शब्दांचं: बिड कपॅसिटी अपुरी. म्हणजे एवढं काम पेलायची आमची ऐपत नाही. त्याच्याच खाली सूचना, की सोमवारी दुपारी तीनला दुसरा लिफाफा उघडणार. मधे शनिवार-रविवार. ऑफिसला कुलूप.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी गणित सांगतो. गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या वर्षाचं काम आमचं भाववाढ धरून ४ कोटी २० लाखांचं. गुणिले मुदत दीड वर्ष, गुणिले २. झाले १२ कोटी ६० लाख. यातून हातातली कामं, म्हणजे या दीड वर्षात आम्हाला जी करायची आहेत ती, वजा करायची. ती ५ कोटी १० लाखांची. उरले साडेसात कोटी. ६.४० च्या कामाला पुरून उरतात.

ऑफिसातल्या एका ओळखीच्या माणसाने फोनवर सांगितलं की समितीने आमची हातातली कामं ७ कोटींची धरली. १ कोटी ९० लाखांचं एक काम आम्ही मार्चमध्येच पूर्ण करून दिलंय, ते अजून चालूच आहे असं समजून. १२.६० वजा ७, उरले ५.६०. आम्ही बाहेर.

भाऊ म्हणतो हायकोर्टात जाऊ. वडील म्हणतात, ज्या ऑफिसात आयुष्यभर जायचंय त्यांच्याशी भांडू नको. कोणी अशातून गेलंय का?

*

पॉपकॉर्न_प्रेमी | १०.५२

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहा! ही वेळ पंचांग बघूनच काढलेली असते.

*

रोखठोक_राजाभाऊ | ११.०५

दादा, कशाला जीव जाळताय. ठरलेलं असतं सगळं. सातातले चार डमी, दोन अपात्र, एक जावई. तुम्ही अपात्रांपैकी एक. झोपा शांत.

*

विटेवर_उभा | ११.१२

राजाभाऊ, ठरलेलं असेलही, पण माझ्याकडे त्याचा काही पुरावा नाही. माझ्याकडे आहे ती चुकलेली बेरीज.

*

ॲडव्होकेट_आजी | ११.३०

शेवटचं वाक्य आवडलं. तेवढंच धरून ठेवा.

पंचवीस वर्षं वकिली केली, त्यातली बरीचशी अशाच भांडणांत गेली. म्हणून आधी थंड पाणी ओतते. टेंडरच्या मूल्यमापनावर हायकोर्टात अपील नसतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट असतं, आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टाटा सेल्युलरच्या १९९४ च्या निकालापासून सुप्रीम कोर्ट एकच गोष्ट सांगत आलंय: निर्णय बरोबर की चूक हे आम्ही बघत नाही, तो कसा घेतला ते बघतो. २००६ च्या जगदीश मंडल निकालात तर हरलेल्या कंत्राटदारांच्या दुखावलेल्या अभिमानावर आणि बारीकसारीक तांत्रिक चुकांचा राईचा पर्वत करण्यावर चांगलेच ताशेरे आहेत. तिथे कोर्टाने दोन प्रश्न ठरवून दिले. निर्णय बदहेतूने, कुणाचं भलं करायला, किंवा कुठलाही शहाणा अधिकारी घेणार नाही इतका मनमानी आहे का? आणि जनहिताला बाधा येते का? दोन्हींचं उत्तर नाही आलं, तर याचिका फेटाळली जाते.

तरी तुमची केस मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. मार्चमध्ये काम पूर्ण झालं म्हणता, त्याचा पूर्णत्वाचा दाखला पहिल्या लिफाफ्यात जोडला होता का? हो किंवा नाही, एवढंच सांगा.

*

विटेवर_उभा | ११.४१

नाही. :( दाखला मिळालेलाच नाही. काम दुसऱ्या विभागाचं होतं. तिथले उपअभियंता बदलून गेले, नवे म्हणतात मी साइट बघितल्याशिवाय सही करणार नाही, आणि बघायला येत नाहीत. आम्ही अंतिम बिलाची प्रत जोडली आणि हातातल्या कामांच्या विवरणपत्रात ते काम दाखवलं नाही.

*

रोखठोक_राजाभाऊ | ११.४४

आता कळलं. ही ओळ पहिल्या पोस्टमध्ये नव्हती बरं का, दादा.

*

नागपुरी_संत्रं | ११.५८

आजींनी टाटा सेल्युलर सांगितलं. आमच्या गावचा निकाल त्याहून कडक आहे, तोही ऐका. नागपूर मेट्रोच्या उन्नत मार्गाचं टेंडर. एका चिनी-भारतीय संयुक्त कंपनीला मेट्रोने अपात्र ठरवलं, कारण त्यांचा अनुभव शहरांना जोडणाऱ्या रेल्वेच्या पुलांचा होता आणि अटीत मेट्रोच्या बांधकामाचा अनुभव मागितला होता. नागपूर खंडपीठ म्हणालं, अहो पूल तो पूल, त्यांना पात्र धरा. मग ॲफकॉन्स ही त्याच टेंडरमधली दुसरी कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २०१६ मध्ये खंडपीठाचा निकाल उलटला. ज्याने निविदेचा कागद लिहिला त्यालाच त्याचा अर्थ सगळ्यात जास्त कळतो. त्याचा अर्थ कोर्टाला पटला नाही तरी तेवढ्यासाठी कोर्टाने हात घालायचा नाही, अगदी विपरीत किंवा बदहेतूचा असेल तरच घालायचा.

म्हणजे 'आमचा अर्थ बरोबर, यांचा चूक' या मुद्द्यावर जाणार असाल तर वकिलाची फी बँकेत ठेवा, व्याज तरी येईल.

*

ॲडव्होकेट_आजी | शनिवार, सकाळी ७.१५

संत्र्याशी सहमत, पण अर्धीच. ॲफकॉन्सचा निकाल अर्थ लावण्याबद्दल आहे. 'मेट्रो बांधकाम' म्हणजे काय, यावर दोन मतं होऊ शकतात. एखादं काम संपलंय की चालू आहे, यावर दोन मतं कशी होणार? ते वस्तुस्थितीत एक तर संपलेलं असतं किंवा नसतं. समोर असलेला कागद बघितलाच नाही, किंवा नसलेला कागद मनाने धरला, तर ती निर्णय घेण्याच्या पद्धतीतली खोट झाली आणि तिथे कोर्ट डोकावतं.

म्हणून पुढचा प्रश्न. ते १ कोटी ९० लाखांचं काम समितीला सापडलं कुठून? तुमच्या विवरणपत्रात तर ते नव्हतं.

*

निवृत्त_उपअभियंता | सकाळी ८.०२

मी सांगू कुठून सापडलं? याच ऑफिसात तुम्ही चार-सहा महिन्यांपूर्वी दुसरं टेंडर भरलं असणार आणि त्यात ते काम चालू म्हणून दाखवलं असणार. लिपिकाने जुनी फाइल काढली, दोन विवरणपत्रं शेजारी ठेवली आणि फरक दिसताच लाल पेन उचललं. तेहतीस वर्षं हेच बघितलंय. पैज लावतो.

*

विटेवर_उभा | सकाळी ८.२०

काका, तुम्हाला साष्टांग दंडवत. जानेवारीत भरलं होतं. त्यात ते काम आहे, शिल्लक १ कोटी ९० लाख, खाली माझीच सही. :(

*

पॉपकॉर्न_प्रेमी | ८.२२

चहा आणि खारी घेऊन बसलोय.

*

निवृत्त_उपअभियंता | ८.५५

खचू नका. आता टेबलाच्या त्या बाजूचं सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांना वाटतं की आतले सगळे राक्षस असतात. (काही असतात.)

पहिल्या लिफाफ्याची छाननी कोण करतं? कागदावर समिती. प्रत्यक्षात एक लिपिक आणि एक कनिष्ठ अभियंता, रात्री आठनंतर, कारण दिवसभर साइट आणि फोन. सात जणांचे दोन-दोनशे पानांचे स्कॅन, त्यातली निम्मी पानं उलटी. समोर तपासणी तक्ता असतो: आहे, नाही, लागू नाही. तुमच्या बाबतीत त्यांना दिसलं काय? जानेवारीत चालू असलेलं काम जूनच्या यादीतून गायब, आणि पूर्णत्वाचा दाखला नाही. आता त्यांच्यापुढे दोन वाटा. एक, तुम्हाला पत्र लिहून खुलासा मागायचा. दुसरी, बाद करून मोकळं व्हायचं. खुलासा मागितला की बाकीचे सहा म्हणणार, एकालाच संधी का दिली. दोन वर्षांनी महालेखापालांचा माणूस येणार आणि पॅरा, म्हणजे हिशेब तपासणीतला आक्षेप, लिहिणार. बाद केलं तर पॅरा येत नाही, फार तर तुमच्यासारखा एखादा इथे येऊन धागा काढतो.

भ्रष्टाचार असतो, नाही म्हणत नाही. पण मी पाहिलेल्या दहा अपात्रतांत सात-आठ निव्वळ भीतीपोटी झालेल्या होत्या.

*

मुक्ता_बांधकाम | सकाळी ९.३०

काकांचं पटतं, पण भीती नेहमी एकाच बाजूला कशी हो झुकते?

मी वडिलांच्या मागे फर्म चालवते. चार वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात रस्त्याच्या कामात मला बाद केलं. कारण यंत्रसामग्रीच्या शपथपत्रावर नोटरीचा शिक्का अर्धवट उमटला होता. जो पात्र ठरला, त्याच्या डांबर प्लांटचा भाडेकरार टेंडरच्या तारखेआधीच संपलेला होता. त्याच्याकडून नवा करार मागवून घेतला, आणि माझा शिक्का मात्र चालला नाही.

मी खंडपीठात गेले. वकील चांगले होते. पण मी कधी गेले? आधी वीस दिवस ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. साहेब म्हणायचे, "ताई, बघतो, वरती बोलतो." तोवर दुसरा लिफाफा उघडला, दर मंजूर झाले, कार्यारंभ आदेशही गेला. पहिल्या तारखेला सरकारी वकिलांनी सूचना घ्यायला वेळ मागितला. दुसऱ्या तारखेला बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, आमच्यापर्यंत पोचलाच नाही. तिसऱ्या तारखेला समोरच्याने साइटचे फोटो दाखल केले: खडी पडलेली, रोलर फिरतोय, अर्धा किलोमीटर डांबरी झालेला. न्यायमूर्तींनी आमच्या वकिलांना शांतपणे विचारलं, आता काय उखडायला सांगू का?

एवढ्यावर संपलं. निकालात माझ्या मुद्द्यावर एक ओळ नाही. आजही त्या रस्त्याने जाताना मी काच वर करते.

*

अस्सल_ठाणेकर | ९.५०

मुक्ताताई, तुमच्याकडे लार्सन अँड टुब्रोएवढे वकील नव्हते, एवढंच.

घोडबंदर-भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्ग आठवतोय ना? एमएमआरडीएचं जवळपास १४ हजार कोटींचं काम. एल अँड टी म्हणाली, आमचा तांत्रिक निकाल आम्हाला कळवलाच नाही आणि बाकीच्यांचे आर्थिक लिफाफे उघडले. एमएमआरडीए म्हणाली, निविदेच्या अटीतच आहे, काम दिल्यानंतर कळवू. २०२५ च्या मे महिन्यात हायकोर्टाने याचिका फेटाळली. मग कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आणि तिथे सांगितलं, आमचे दोन्ही मिळून आकडे ३ हजार कोटींहून जास्त कमी होते. सरन्यायाधीश गवईंच्या पीठाने विचारलं, फेरनिविदा काढताय की आम्ही स्थगिती देऊ? ३० मेला एमएमआरडीएने सांगून टाकलं की प्रक्रियाच रद्द करतोय.

आम्ही घोडबंदर रोडवर तेव्हाही उभे होतो, आजही उभेच आहोत.

*

कासारवडवली_कर | ९.५८

कापूरबावडी ते गायमुख काल एक तास दहा मिनिटं. बोगदा होईतो माझी मुलगी लग्नाला येईल. ती आता सहावीत आहे.

*

अस्सल_ठाणेकर | १०.०४

त्यात तो घाटातला उतार, आणि दर पावसाळ्यात

*

संपादक_मंडळ_३ | १०.१०

घोडबंदर रोडसाठी स्वतंत्र धागा आहे. सध्या भाग ११ चालू आहे. तिथे जावे.

*

नागपुरी_संत्रं | १०.२५

ठाणेकरांच्या उदाहरणात एक गोष्ट निसटू नये. एल अँड टीला ते काम मिळालं नाही. निविदा रद्द झाली, बस. एवढ्या मोठ्या लढाईचं जास्तीत जास्त फळ म्हणजे 'पुन्हा भरा'. विटेवरच्या भाऊंनी हायकोर्टात जिंकलं तरी कोर्ट 'यांना काम द्या' असं सहसा म्हणत नाही. फार तर म्हणेल, पुन्हा तपासा.

*

ॲडव्होकेट_आजी | ११.००

बरोबर. आणि अलीकडे कोर्टं आणखी सावध झालीत. झारखंडमधल्या एका रस्त्याच्या कामात २०२२ ला एन. जी. प्रोजेक्ट्स म्हणून निकाल आला. टेंडरमध्ये चूक दिसली तरी काम शक्यतो थांबवू नका, नुकसानभरपाईचा मार्ग दाखवा, असा त्याचा रोख. विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ ला कलम २०-अ घातलं, तेही याच दिशेचं: पायाभूत सुविधांच्या करारांवर दाव्यात मनाई हुकूम नको.

पण मुक्ताची तक्रार, एकाला माफी आणि दुसऱ्याला फाशी, ही मात्र आजही कोर्टाच्या जिव्हारी लागते. ऑक्टोबर २०२४ चा बन्शीधर कन्स्ट्रक्शन विरुद्ध भारत कोकिंग कोल वाचा. खाणीच्या कामाची निविदा होती. एकाचा अर्ज कागदपत्रातल्या उणिवेवरून बाद आणि दुसऱ्याच्या उणिवांकडे काणाडोळा. सुप्रीम कोर्टाने दिलेलं काम रद्द करून नव्याने निविदा काढायला लावली. म्हणून, विटेवर_उभा, पोर्टलवर बाकीच्यांची कागदपत्रं दिसत असतील तर आजच उतरवून घ्या. तुमच्यासारखीच उणीव असलेला कोणी पात्र झालाय का बघा.

आणि मुक्ता, तुझा मुद्दा नाही हरला, तुझे वीस दिवस हरले. या विषयावरचा सगळ्यांचा आद्य निकाल १९७९ चा रमणा शेट्टी, तो आपल्या मुंबई विमानतळाचा आहे. तिथे एक दुय्यम दर्जाचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायचं टेंडर होतं. अट अशी की पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत हॉटेलवाला हवा. दिलं कँटीनवाल्याला. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलं की सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिलाही बांधील आहे. आजही सगळे तेच वाक्य घेऊन कोर्टात जातात. आणि रमणा शेट्टींना काय मिळालं? काही नाही. पाच महिने उशिरा आले, तोवर समोरच्याने पैसे घातले होते.

*

पॉपकॉर्न_प्रेमी | ११.०६

म्हणजे घटनात्मक कायद्याचा पाया दोन स्नॅक बारवर उभा आहे. आपला देश मला उगीच आवडत नाही.

*

सीमेवरचा_बेळगावकर | ११.४०

आमच्याकडे कर्नाटकात १९९९ चा पारदर्शकता कायदा आहे, त्यात कलम १६ खाली तीस दिवसांत अपील करता येतं. लगेच हायकोर्ट गाठावं लागत नाही. महाराष्ट्रात असं काही नाही का?

*

निवृत्त_उपअभियंता | ११.५२

तसा कायदा आपल्याकडे नाही. कार्यकारी अभियंत्याच्या वर अधीक्षक अभियंता, त्याच्या वर मुख्य अभियंता, आणि त्यांच्या वर पांडुरंग. धागाकर्ते तर त्यांच्याच विटेवर उभे आहेत.

*

अटलांटाचा_पाटील | दुपारी १२.१५ (माझ्याकडे मध्यरात्र उलटून गेलीय)

इथे अमेरिकेत संघराज्य सरकारच्या बांधकामांची टेंडरं बघणं हेच माझं काम आहे, म्हणून राहवलं नाही. इथे जीएओ म्हणून संसदेची हिशेब तपासणारी संस्था आहे. कारण कळल्यापासून साधारण दहा दिवसांत तिच्याकडे तक्रार करायची. वेळेत केली तर काम आपोआप थांबतं. सरकारला तातडीची सबब लेखी देऊन ती स्थगिती ओलांडता येते, पण लेखी द्यावी लागते. शंभर दिवसांत निकाल. आणि हरलेल्याला बोलावून, तुम्ही कुठे कमी पडलात, ते समजावून सांगायची पद्धत आहे. निम्मी भांडणं तिथेच विरतात.

*

रोखठोक_राजाभाऊ | १२.२०

आमच्याकडेही समजावून सांगतात. बाहेर चहाच्या टपरीवर.

*

निवृत्त_उपअभियंता | १२.४५

राजाभाऊ :) :)

आता कामाचं. सोमवारी तीनच्या आत जे काही व्हायचं ते होईल. लिफाफा उघडला की दर जगजाहीर होतात. मग समितीला तुम्हाला आत घ्यायचं म्हटलं तरी बाकीचे बोंब मारणार. लिफाफा उघडण्याआधी समिती पुन्हा बसून स्वतःचं इतिवृत्त दुरुस्त करू शकते. मी स्वतः दोनदा केलंय, आकाश कोसळलं नाही.

एक पानाचं पत्र लिहा. आज ईमेलने कार्यकारी अभियंत्याला पाठवा, प्रत अधीक्षक आणि मुख्य अभियंत्यांना. सोमवारी दहाला छापील प्रत घेऊन आवक-जावकला उभे राहा आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. पत्रात 'भ्रष्ट', 'संगनमत', 'न्यायालयात खेचू' असले शब्द घालू नका. साहेब रागावतात म्हणून नव्हे, तर असलं पत्र सरळ विधी शाखेकडे जातं आणि तिथे झोपतं. बेरीज लिहा. जानेवारीत ते काम शिल्लक होतं हे स्वतःच कबूल करा, लपवू नका. मार्चमध्ये संपल्याचा पुरावा लावा: अंतिम बिल, मोजमाप पुस्तकातली शेवटची नोंद, दाखल्यासाठी केलेल्या अर्जाची पोच. आणि त्या दुसऱ्या विभागाचा फोन नंबर द्या, म्हणजे त्यांना विचारता येईल.

*

ॲडव्होकेट_आजी | १.१०

काकांच्या पत्रात दोन ओळी माझ्या घाला. एक: जुन्या टेंडरमधला कागद आमच्याविरुद्ध वापरताना आमचा खुलासा मागितला नाही. दोन: या निवेदनावर निर्णय होईपर्यंत आर्थिक लिफाफा उघडू नये. उद्या कोर्टात जायची वेळ आलीच तर पहिला प्रश्न हाच येणार, तुम्ही आधी त्यांना सांगितलं होतं का आणि कधी?

वकालतनामा मात्र आजच सही करून ठेवा. तुम्ही सातारा, सांगली, सोलापूर किंवा कोल्हापुरातले असाल तर आता मुंबई गाठायची गरज नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतंय.

माहिती अधिकाराचा अर्जही टाका. छाननी तक्ता आणि इतिवृत्त मागा. तीस दिवस लागतील आणि 'व्यापारी गोपनीयता' म्हणत कलम ८ पुढे करतील, तरी टाका.

*

रोखठोक_राजाभाऊ | १.३०

मी अजूनही म्हणतो, वेळ वाया जाणार. लागली पैज? हरलो तर काकांना आणि आजींना मिसळ.

*

निवृत्त_उपअभियंता | १.३२

कोल्हापुरी की पुणेरी, ते आधी ठरवा.

*

(इथे मिसळीवर सत्तेचाळीस प्रतिसाद आले होते, ते 'मिसळ: कट आणि तर्री' या धाग्यावर हलवले आहेत. - संपादक_मंडळ_३)

*

विटेवर_उभा | सोमवार, रात्री ९.२०

दिवसभराचं सांगतो.

पत्र शनिवारी रात्री गेलं. रविवारी आम्ही दोघं भाऊ त्या दुसऱ्या विभागाच्या शाखा अभियंत्यांच्या घरी गेलो. भला माणूस. म्हणाला, दाखला मी देऊ शकत नाही, पण मोजमाप पुस्तकाच्या शेवटच्या पानाची साक्षांकित प्रत सोमवारी सकाळी नऊला देतो. दिली. साडेदहाला आवक शिक्का घेतला. लिपिक म्हणाला, "साहेब मिटिंगला गेलेत." आम्ही बाकावर बसून राहिलो. वडीलही आले होते. भांडू नको म्हणणारे तेच, आणि डबा घेऊन आलेलेही तेच. दीडला साहेब आले, पत्र वाचलं, माझ्याकडे न बघता विचारलं, "जानेवारीचं तुम्हीच लिहिलंय ना इथे?" म्हटलं, हो. "बरं," म्हणाले.

पावणेतीनला पोर्टलवर सूचना आली: आर्थिक लिफाफा उघडण्याची तारीख पुढे ढकलली आहे. पुढची तारीख नाही, कारण नाही.

*

मुक्ता_बांधकाम | ९.२८

अंगावर काटा आला. मला ही सूचना कधी दिसलीच नाही.

*

रोखठोक_राजाभाऊ | ९.४०

पुढे ढकललीय, रद्द नाही केली. मिसळ अजून जिंकलेली नाही.

*

विटेवर_उभा | अठरा दिवसांनंतर, सायंकाळी ७.०५

धागा वर काढतोय. अधीक्षक अभियंत्यांच्या ऑफिसने अहवाल मागवला, समिती पुन्हा बसली, आमची कपॅसिटी ७.५० मान्य झाली. आम्ही पात्र. आमच्याबरोबर आणखी एक जण पात्र झाला, त्याची बेरीज तर त्यांनी सरळच चुकवली होती आणि त्याने तक्रारही केली नव्हती!

आज लिफाफे उघडले. पहिला १३.६ टक्के बिलो. दुसरा ११ च्या आसपास, आणि हा दुसरा म्हणजे तोच, तक्रार न केलेला. आम्ही ९.१ बिलो. तिसरे.

*

पॉपकॉर्न_प्रेमी | ७.०९

म्हणजे वऱ्हाडाला गाडी तुम्ही करून दिलीत आणि मागच्या सीटवर बसलात.

*

रोखठोक_राजाभाऊ | ७.१५

पैज हरलो. पण एक विचारतो, रागावू नका. एवढा आटापिटा तिसऱ्या नंबरासाठी?

*

विटेवर_उभा | ७.३०

घरीही हाच प्रश्न आलाय, आईकडून. खरं सांगू, आकडे बघून पहिली पाच मिनिटं मलाही तसंच वाटलं. पण या सगळ्या धावपळीत तो अडकलेला पूर्णत्वाचा दाखला मिळाला. अधीक्षक ऑफिसने त्या विभागाला विचारणा केली म्हटल्यावर नवे उपअभियंता दुसऱ्याच दिवशी साइटवर हजर. पुढच्या महिन्यात दोन टेंडरं भरायची आहेत, त्यात हे १ कोटी ९० लाख आता मागे लागणार नाहीत. आणि १३.६ बिलोमध्ये ती इमारत कशी उभी राहते तेही बघायचंय. आमच्या हिशेबात सिमेंट-सळईतच दम निघतो.

*

निवृत्त_उपअभियंता | ७.४८

उभी राहील. प्लास्टर दोन पावसाळ्यांत उतरेल. पण तो वेगळा धागा.

*

ॲडव्होकेट_आजी | ८.०५

वकालतनामा फाडून टाका. फी लावणार नाही, मिसळीत वळती करते.

*

नवखा_कंत्राटदार | ८.३०

आजच सदस्य झालो. आख्खा धागा वाचला, वाचनखूण साठवली. आम्हाला परवा एका जिल्हा परिषदेत असंच बाद केलंय, लिफाफा बुधवारी आहे. दादा, तुमच्या पत्राचा मसुदा मिळेल का?

*

विटेवर_उभा | ८.४१

देतो. नाव-गाव खोडून रात्रीपर्यंत इथेच टाकतो. आत्ता बयाणा रक्कम परत मागायचं पत्र लिहितोय, ती अजून जमा झालेली नाही.